९४३०३: एका झिप कोडातली दोन गावं

दोन वर्षांपूर्वी मी एक गाव पुसून टाकलं. मुद्दाम नाही. बाणेरच्या ऑफिसात बसून, शुक्रवारी संध्याकाळी, समोरचा चहा गार व्हायच्या आत.

काम साधं होतं. घरपोच किराणा देणाऱ्या एका अमेरिकन अ‍ॅपचा डेटा आमची टीम बघायची. कॅलिफोर्नियातल्या एकेका झिप कोडमध्ये, म्हणजे तिकडच्या पिनकोडमध्ये, लोक सरासरी किती डॉलरची ऑर्डर देतात ते काढायचं होतं. बहुतेक कोडांचे आलेख शहाण्यासारखे आले. मध्ये एक उंचवटा, दोन्ही बाजूंना उतार. ९४३०३ चा मात्र उंटाच्या पाठीसारखा आला. एक मोठा उंचवटा महागड्या ऑर्डरींचा, एक लहान उंचवटा अगदी छोट्या ऑर्डरींचा. कोडाशेजारी शहराचं नाव होतं ‘पालो अल्टो’. स्टॅनफर्डच्या दारातलं, ह्यूलेट-पॅकार्डच्या गराजचं पालो अल्टो. तिथं इतक्या छोट्या ऑर्डरी कोण देईल? मी त्यांना ‘आउटलायर’ ठरवलं, गाळणी लावली, आलेख सुंदर झाला, मी घरी गेलो.

माझ्या गाळलेल्या डेटावर पुढच्या टीमनं सेवेची हद्द आखली. तीन महिन्यांनी एका ग्राहकाची तक्रार आली. हायवेच्या पलीकडे सामान पोचतं, अलीकडे का नाही, असा साधा प्रश्न होता. तिकीट फिरत फिरत माझ्या नावावर आलं. पत्त्यात ग्राहकानं शहराचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: ईस्ट पालो अल्टो.

मला वाटलं, आपल्याकडे ‘कोथरूड’ लिहावं की ‘पुणे’ तसलं काहीतरी असेल. पालो अल्टोचा पूर्व भाग. तसं नव्हतं. ते वेगळं शहर आहे. वेगळी काउंटी, वेगळी नगरपालिका, वेगळे पोलीस, वेगळा शालेय जिल्हा. अमेरिकन टपालखात्याला पत्रं वाटायची सोय हवी असते, इतिहास नको असतो. म्हणून ईस्ट पालो अल्टो आणि पालो अल्टोचा एक मोठा तुकडा हे दोन्ही त्यानं ९४३०३ या एकाच पिशवीत टाकले. मी गाळलेला लहान उंचवटा हे एक अख्खं गाव होतं. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३०,०३४.

चूक दुरुस्त करायला अर्धा दिवस लागला. पण ते गाव डोक्यातून गेलं नाही. मागच्या वर्षी कामानिमित्त तीन महिने तिकडे जायला मिळालं तेव्हा फ्रीमाँटमध्ये मावसभावाकडे उतरलो. फ्रीमाँट खाडीच्या पूर्वेला, स्टॅनफर्डची बाजू पश्चिमेला, मध्ये डम्बार्टनचा पूल. फ्रीमाँटमध्ये राहून रोज हा पूल ओलांडणारे मराठी इंजिनियर शेकड्यांनी असतील. पूल उतरून पालो अल्टोकडे जायचं तर युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूनं थेट ईस्ट पालो अल्टोच्या मधून जावं लागतं. त्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना त्या गावात काही काम नसतं. दादा अकरा वर्षं त्या रस्त्यानं जातोय. मी विचारलं, “दादा, तू कधी उतरलायस का तिथं?” तो म्हणाला, “आयकियात जातो की.”

आता भूगोल. नकाशा उघडून बघितलात तर बरं.

सान फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या नैर्ऋत्य काठाला अडीच चौरस मैलांचा एक सपाट तुकडा. खाडीकडे दलदल आणि मिठागरांची जुनी तळी. दुसऱ्या अंगाला सान फ्रान्सिस्किटो नावाचा ओढा. ओढाच म्हणायला हवा. उन्हाळ्यात त्यात चपला न भिजवता उतरता येतं. गावाच्या नावात ‘ईस्ट’ आहे, पण होकायंत्र धरलं तर ते पालो अल्टोच्या पूर्वेपेक्षा उत्तरेलाच जास्त आहे. १८५० मध्ये कॅलिफोर्नियाच्या काउंट्या आखल्या गेल्या तेव्हा हा ओढा हद्द ठरला. आज त्याच्या दक्षिणेला सांता क्लारा काउंटी, उत्तरेला सान मटेओ. तेव्हा दोन्ही काठांवर ओकची झाडं आणि गुरं, त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही. हद्दीचं महत्त्व पुढे शंभर वर्षांनी कळायचं होतं.

त्याआधीची एक गंमत सांगतो. हे गाव वसलं ते कोंबड्यांसाठी. १९१६ मध्ये चार्ल्स वीक्स नावाच्या गृहस्थानं इथं ‘रनिमीड’ ही वसाहत काढली. इंग्लंडच्या राजाकडून मॅग्ना कार्टा मान्य करून घेतला त्या कुरणाचं हे नाव. कल्पना अशी, की एका कुटुंबाला एक एकर जमीन पुरे. त्यावर कोंबड्या पाळायच्या, भाजी लावायची, अंडी सगळ्यांनी मिळून विकायची आणि कोणाची नोकरी करायची नाही. वीक्सच्या पुस्तकाचं नावच होतं ‘वन एकर अँड इंडिपेन्डन्स’. नोकरी सोडून गावाला शेती करायला जाण्याची स्वप्नं बघणारे माझे निदान चार मित्र हे पुस्तक आजही विकत घेतील. वसाहत काही वर्षं चांगली चालली, मग वीक्स दक्षिणेकडे दुसरी वसाहत काढायला गेला आणि कोंबड्यांचा धंदाही बसला. पण लांबट, अरुंद, एकेका एकराच्या त्या पट्ट्या अजून नकाशावर ओळखू येतात. वीक्स स्ट्रीट आहे, रनिमीड स्ट्रीट आहे. याच भागात जपानी कुटुंबं फुलांची शेती करत. १९४२ मध्ये सरकारनं पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी वंशाच्या लोकांना उचलून छावण्यांत नेलं, त्यात तीही गेली.

युद्धानंतर सगळीकडे घरं उठली. पालो अल्टो १८९४ पासून रीतसर शहर होतं. ओढ्यापलीकडचा हा भाग मात्र शहर नव्हता. नगरपालिका नाही, थेट काउंटीचा कारभार. आपल्याकडे शहराला लागून असलेल्या पण महापालिकेत नसलेल्या वस्तीची जी गत असते तीच थोडीफार. काउंटीचं ठाणं उत्तरेला, रेडवुड सिटीत. आपला नगरसेवक नसेल तर रस्ता कुठून काढायचा हे ठरवणाऱ्याच्या दारात जाऊन ओरडायला कोणी नसतं. १९५० च्या दशकात बेशोअर हायवेचा रुंद फ्रीवे झाला, आजचा यूएस १०१. तो गावाच्या पोटातून गेला आणि गावाची बाजारपेठ त्याच्याखाली गेली. डझनावारी दुकानं उठली. गावाचा एक लहानसा तुकडा हायवेच्या पश्चिमेला राहिला, बाकी सगळं पूर्वेला. त्याच सुमारास शेजारची शहरं, मेनलो पार्क आणि पालो अल्टो, आजूबाजूचे तुकडे आपल्यात सामील करून घेत होती. ज्या जमिनीतून कर चांगला येईल ती आधी जाते, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

आणि मग १९५४. रिचर्ड रॉथस्टीन यांनी ‘द कलर ऑफ लॉ’ (२०१७) या पुस्तकात हा प्रसंग नोंदवला आहे. ईस्ट पालो अल्टोच्या गोऱ्या वस्तीतल्या एकानं आपलं घर एका कृष्णवर्णीय कुटुंबाला विकलं. लगेच कॅलिफोर्नियातल्या घर-दलालांच्या संघटनेचा अध्यक्ष, फ्लॉइड लो, यानं गावात ऑफिस थाटलं. तो आणि इतर दलाल गोऱ्या घरमालकांना सांगू लागले की आता ‘ते’ लोक येणार, भाव कोसळणार, वेळेत विका. घाबरलेल्यांकडून घर स्वस्तात घ्यायचं आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला चढ्या भावानं विकायचं. या धंद्याला ‘ब्लॉकबस्टिंग’ म्हणत. आपण सिनेमासाठी वापरतो त्या शब्दाचा हा भाऊबंद.

चढ्या भावानं ते घ्यायचे का, तर दुसरीकडे मिळतच नव्हतं म्हणून. आसपासच्या कित्येक वसाहतींच्या खरेदीखतांत लिहिलेलं असायचं की हे घर गोऱ्याखेरीज कोणाला विकता वा भाड्यानं देता येणार नाही. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अशी कलमं कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं, पण संघीय गृहनिर्माण खातं मिश्र वस्त्यांच्या कर्जांना हमी द्यायला तयार नव्हतं आणि हमीशिवाय बँक दारात उभं करत नव्हती. १९७० च्या जनगणनेपर्यंत ईस्ट पालो अल्टोत निम्म्याहून बरेच जास्त लोक कृष्णवर्णीय झाले. मिसिसिपी-लुइझियानातून आलेली, कारखान्यांत आणि गोदीवर कामं केलेली कुटुंबं. लोक त्यांना पाहिजे तिथं गेले असं आपण लोकसंख्येच्या आलेखाकडे बघून म्हणतो. इथं त्यांना एकच दार उघडं ठेवलं होतं.

त्या लोकांनी दारातून आत येऊन काय केलं, हा मला या गोष्टीतला सगळ्यात आवडता भाग आहे. शाळा धड शिकवत नाहीत म्हणून गर्ट्रूड विल्क्स नावाच्या आईनं इतर आयांना गोळा करून १९६६ मध्ये स्वतःची शाळा काढली, नैरोबी डे स्कूल. पाठोपाठ नैरोबी कॉलेज. १९६८ मध्ये गावाचंच नाव नैरोबी करायचा प्रस्ताव आला. मतदान झालं आणि मोठ्या फरकानं पडला. नाव ईस्ट पालो अल्टोच राहिलं. तो प्रस्ताव मंजूर झाला असता तर माझ्या डेटात ‘पालो अल्टो’ आणि ‘नैरोबी’ असे दोन शब्द आले असते आणि मी तरी इतका गाफील राहिलो नसतो. असो.

१९७६ मध्ये गावातलं एकमेव मोठं हायस्कूल, रेव्हन्सवुड, बंद झालं. सुरू झालं होतं १९५८ मध्ये, म्हणजे जेमतेम अठरा वर्षं चाललं. मुलांना बसमध्ये घालून दुसऱ्या शहरांतल्या शाळांत पाठवायला लागले. तुम्ही मिशेल फायफरचा ‘डेंजरस माइंड्स’ (१९९५) पाहिला असेल. नसला तरी त्यातलं कूलिओचं ‘गँगस्टाज पॅरडाइज’ रीलमध्ये शंभरदा ऐकलं असेल. तो सिनेमा ल्युअ‍ॅन जॉन्सन या शिक्षिकेच्या आठवणींवर आहे. तिची शाळा कार्लमाँट, उत्तरेकडच्या बेलमाँट या गोऱ्या उपनगरातली. वर्गातली मुलं बसनं येणारी, ईस्ट पालो अल्टोची. सिनेमात आपल्याला कळत नाही की ती मुलं इतक्या लांब का येतात. जवळची शाळा बंद केली म्हणून. त्या शाळेच्या जागेवर आता शॉपिंग सेंटर आहे. दादाचा आयकिया त्याच पट्ट्यात, २००३ पासून.

त्याच १९७६ मध्ये काही पालकांनी कोर्टात दावा लावला. एक ओढा मध्ये आहे म्हणून माझ्या मुलाला ती शाळा का मिळू नये, एवढाच त्याचा मथितार्थ. दहा वर्षांनी तडजोड झाली. या बाजूच्या काही मुलांना पलीकडच्या शाळांत प्रवेश मिळू लागला. जागा मोजक्या, म्हणून सोडत काढायची. चिठ्ठी लागली तर ओढा ओलांडायचा.

नगरपालिका व्हायला १९८३ उजाडलं. पहिल्या प्रयत्नात प्रस्ताव पडला होता. दुसऱ्या वेळी मूठभर मतांनी जिंकला. विरोध कोणाचा? करातून उत्पन्न येणार नाही म्हणून घाबरणाऱ्यांचा आणि नवी नगरपालिका भाड्यावर मर्यादा आणेल म्हणून चिडलेल्या घरमालकांचा. त्यांची भीती खरी ठरली, नव्या शहरानं भाडेनियंत्रण लगेचच आणलं. टपाली मतांवरून खटला चालला, तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८६ मध्ये निकाल शहराच्या बाजूनं लागला. तोवर हे शहर स्वतःच्या जन्मदाखल्यासाठी भांडतच होतं.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं, कारण इंटरनेटवर गावाबद्दल तेच वर येतं. १९९२ मध्ये सुमारे चोवीस हजारांच्या या वस्तीत ४२ खून झाले. लोकसंख्येच्या मानानं देशात सर्वाधिक. ‘अमेरिकेची खुनांची राजधानी’ हे बिरूद चिकटलं. दादाच्या पिढीच्या इंजिनियरांनी तिथं न उतरण्याचं मूळ या एका वर्षात आहे. २०२३ मध्ये गावात एकही खून झाला नाही. हेही बातम्यांत आलं, पण ते फॉरवर्ड होत नाही.

मला जास्त बोलका वाटतो तो जनगणनेचा तक्ता. १९९० मध्ये २३,४५१. २००० मध्ये २९,५०६. दहा वर्षांत चौथा हिस्सा वाढ, आणि घरं काही त्या प्रमाणात बांधली गेली नाहीत. मग माणसं राहिली कुठं? एका घरात दोन कुटुंबं, गराजमध्ये भाडेकरू. सिलिकॉन व्हॅलीत डॉटकॉमची लाट होती, तिला लागणारे स्वयंपाकी, माळी, सुतार, आया, सफाई कामगार कुठंतरी झोपणार होते. मेक्सिकोतून, त्यातही मिचोआकान प्रांतातून, कुटुंबं आली. टोंगा आणि सामोआ बेटांवरूनही आली. १९९० मध्ये सुमारे चाळीस टक्के असलेली कृष्णवर्णीय लोकसंख्या २०१० मध्ये १६.७ टक्क्यांवर आली, लॅटिनो ६४.५ टक्के झाले, प्रशांत महासागरी बेटांवरचे ७.५ टक्के. आणि एकूण लोकसंख्या? २८,१५५. घटली. मधल्या काळात कर्जबुडीची लाट येऊन गेली होती, कित्येक कुटुंबांची घरं जप्त झाली.

म्हणजे दर वीस-पंचवीस वर्षांनी गावातली माणसं बदलली. अंडी विकणारे गोरे, फुलं पिकवणारे जपानी, दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय, मग लॅटिनो आणि टोंगन. जागा मात्र तीच, ज्यांना पलीकडे जागा नाही त्यांची. पालो अल्टोत २०२० मध्ये ६८,५७२ माणसं होती, सुमारे चोवीस चौरस मैलांत. त्यातला पुष्कळ भाग टेकड्या आणि दलदलीचा आहे हे धरलं तरी दाटीतला फरक चालताना पायाला कळतो.

पाण्याची गोष्ट सांगायलाच हवी. या सगळ्या शहरांना पाणी सिएरा नेवाडाच्या डोंगरातल्या हेच हेची धरणातून येतं, सान फ्रान्सिस्कोच्या यंत्रणेमार्फत. त्याचे मोठे नळ खाडी ओलांडून किनाऱ्याला लागतात ते रेव्हन्सवुडपाशी, म्हणजे या गावाच्या अंगणात. कोणाला किती पाणी हे करारानं बांधलेलं. ईस्ट पालो अल्टोचा वाटा दिवसाला सुमारे १९.६ लाख गॅलन. हे करार १९८० च्या दशकात आकाराला आले, तेव्हा हे शहर नुकतं जन्मलेलं आणि कोर्टात अडकलेलं. माणशी पाणीवापर या भागातल्या सर्वांत कमी वापरांपैकी, तरीही कोटा संपला. २०१६ मध्ये नगरपालिकेनं नव्या बांधकामांना नळजोडण्या देणं थांबवलं. परवडणारी घरं बांधायची योजना होती, जमीन होती, पाणी नाही. शेजारच्या माउंटन व्ह्यूकडे, म्हणजे गूगलच्या गावाकडे, करारात पाणी उरत होतं. २०१७ मध्ये ईस्ट पालो अल्टोनं त्यांच्याकडून दिवसाला दहा लाख गॅलनचा हक्क पन्नास लाख डॉलरला विकत घेतला. २०१८ मध्ये पालो अल्टोनं आपल्या वाट्यातले पाच लाख गॅलन दिले, तेव्हा बंदी उठली. माझ्या गाळणीनं तीन महिने किराणा अडवला. या करारानं दोन वर्षं अख्ख्या गावाची घरं अडवली, आणि तिथंही कोणी दुष्टपणा केला नव्हता. आकडे भरले त्या दिवशी रकाना जवळजवळ रिकामा होता, एवढंच.

ओढ्याला मात्र हद्द कळत नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये तो फुगला आणि दोन्ही काठांवरच्या घरांत शिरला, पालो अल्टोच्याही आणि ईस्ट पालो अल्टोच्याही. त्यानंतर, १९९९ मध्ये, काठावरची शहरं आणि दोन्ही काउंट्यांच्या यंत्रणा एकत्र आल्या आणि पूर रोखण्यासाठी त्यांनी संयुक्त प्राधिकरण काढलं.

परतायच्या आदल्या रविवारी मी एकटाच गेलो. पालो अल्टोच्या स्टेशनपासून युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूनं सरळ चालत निघालो. मोठाल्या झाडांखालची मोठाली घरं संपतात, ओढ्यावरचा छोटा पूल येतो, आणि पलीकडे काचेची ऑफिसं आणि फोर सीझन्स हॉटेल. इथं पूर्वी व्हिस्की गल्च होतं. विद्यापीठाच्या आसपास दारूबंदी, म्हणून ओढ्याच्या या बाजूला गुत्ते. शतकाच्या शेवटी ते पाडून हे उभं राहिलं. मग हायवेवरचा पूल, खाली गाड्यांची नदी. पलीकडे उतरलं की बुटकी घरं, अंगणात लिंबाची झाडं, कुंपणाला लावलेल्या दोन-तीन-चार गाड्या, स्पॅनिशमधले फलक, चर्चमधून बाहेर पडणारी टोंगन कुटुंबं, पुरुषांच्या कमरेला विणलेल्या चटया. एका हातगाडीवर मक्याचं कणीस घेतलं, वर लिंबू आणि तिखट. चव चौपाटीच्या इतकी जवळची होती की मी विक्रेत्या बाईंशी मराठीत ‘थँक्यू’ म्हणालो, म्हणजे इंग्रजीतच, पण आपल्या हेलात. त्या हसल्या.

बे रोडच्या टोकाला कूली लँडिंग आहे. काही दशकं इथं काउंटीचा कचरा जाळत, आता नगरपालिकेची बाग आहे. पाण्याच्या काठी बाकावर बसलो तर डावीकडे डम्बार्टनचा पूल दिसत होता, त्यावरून सरकणाऱ्या गाड्याही. तेवढ्यात दादाचा फोन आला.

“कुठं आहेस रे? जेवायला येतोयस ना?”

“ईस्ट पालो अल्टोत आहे, दादा.”

“म्हणजे पालो अल्टोत. मग साडेपाचची बस पकड.”

“पालो अल्टोत नाही. ओढ्याच्या अलीकडे.”

“कुठला ओढा?” दादा म्हणाला.